उजवी नळी कुठे फुगली

जानेवारी २०२५ मधला शेवटचा मंगळवार. राळेगाव तालुक्यातल्या एका गावाहून सत्तरी ओलांडलेले एक काकाजी आणि त्यांचा पुतण्या अमरावतीला आमच्या दुकानात आले. बंदूक गोधडीत गुंडाळलेली, वरून सुतळी. परवान्याचं पुस्तक काकाजींच्या बंडीच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. यवतमाळ जवळ असताना इतक्या लांब का आलात, असं मी विचारलं नाही. ओळखीच्या ठिकाणी जायची लाज वाटली की माणूस लांबचं दुकान शोधतो, मग ते डॉक्टरचं असो की बंदूक दुरुस्तीवाल्याचं.

"नळीले थोडा फुगा आला जी," काकाजी म्हणाले. "ठोकून सरळ करून द्या. आमचा लोहार करतो म्हनत होता, पन म्या म्हटलं, जानत्याले दाखवू."

फुगा पाहायच्या आधी मी नळ्या सोडवल्या, दोरीला टांगल्या आणि लाकडी मुठीने हलकेच टोकल्या. चांगल्या दुनळीच्या नळ्या देवळातल्या घंटेसारख्या वाजतात, नाद लांबत जातो. या फुटक्या माठासारख्या बद्द वाजल्या. म्हणजे दोन नळ्यांना जोडणारी पट्टी कुठेतरी झाळणीतून सुटली होती. मग नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरून आतून पाहिल्या. डावी स्वच्छ. उजवीत, मागच्या टोकापासून साधारण चौदा इंचांवर, एक काळी कडी दिसली. बाहेरून बोट फिरवलं तर नेमकं तिथेच बांगडीसारखा उंचवटा लागला.

नळी फुगली हे लोहारालाही दिसलं होतं. ती कुठे फुगली, या एका गोष्टीवरून पुढचं सगळं प्रकरण उलगडलं, म्हणून ते लिहून ठेवतो आहे. नावं गाळली आहेत. काकाजींची लिहायला हरकत नाही. "लिवा, पन माह्या गावाचं नाव नोका लिवू," एवढंच त्यांचं म्हणणं.

बंदूक आणि माणूस

बंदूक बारा बोअरची, बर्मिंगहॅमची, घोडे आत असलेली. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी असे तीन छाप होते. यातला एनपी महत्त्वाचा. काळ्या दारूवर तपासलेल्या जुन्या नळीत आजची धूररहित दारू वापरली तर नळी फाटू शकते; एनपी म्हणजे नायट्रो, म्हणजे याच धूररहित दारूवर तपासलेली. बर्मिंगहॅमचं तपासणीघर १८१३ च्या कायद्याने सुरू झालं, लंडनच्या बंदूककारांची सनद १६३७ ची. बंदूक विकण्याआधी तिऱ्हाइताने ठरावीक जास्तीचा बार उडवून ती पारखायची आणि मगच छाप मारायचा, ही पद्धत इतकी जुनी आहे. आपल्याकडे वाड्यावाड्यांतून अशा बंदुका पडून आहेत आणि मालकांनी हे छाप कधी वाचलेले नसतात. काकाजींनीही नव्हते.

ही बंदूक त्यांच्याकडे आली ती नव्वदच्या दशकात. त्याआधी वडिलांच्या नावावर ठासणीची एकनळी होती, गावात जिला भरमार म्हणतात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचाच उल्लेख आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर वीस इंचांपेक्षा कमी नळी नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. काकाजींनी अर्ज-विनंत्या करून ते पटवून दिलं.

भरमार म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिला काडतूस नसतंच. तोंडातून दारू ओतायची, वर डाट ठासायचा, छर्रे टाकायचे, पुन्हा डाट, मागे टोपी, म्हणजे ठोका बसला की ठिणगी देणारी छोटी वाटी, बसवायची. प्रत्येक बार वापरणाऱ्यानेच भरायचा. काकाजी दहा-बारा वर्षांचे असल्यापासून हे पाहत आले. दारू मोजायला वडिलांनी पितळेचं एक माप केलं होतं. जुन्या काडतुसाचा बुडखा कापून त्याला तारेची दांडी झाळलेली. "हे माप भरून सपाट केलं का झालं," इतकं साधं. काळ्या दारूच्या बाबतीत ते खरंही आहे. ती मापाने मोजली तरी चालते, सैल ठासली तरी पेटते, थोडी कमी-जास्त झाली तर आवाज आणि धूर कमी-जास्त होतो, एवढंच.

त्यामुळे बारा बोअर आल्यावर रिकाम्या काडतुसात पुन्हा दारू भरणं हा त्यांच्या लेखी गुन्हा नव्हता, कारागिरीही नव्हती. भरमार भरत होतो, आता काडतूस भरतो. मला या प्रकरणातली सगळ्यात अवघड गोष्ट ही वाटते. त्यांना समजावताना मी दोनदा अडखळलो.

त्या रात्री

२०२४ हे वर्ष परवानेवाल्यांसाठी वाईट गेलं. लोकसभेच्या आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा, सुटून आली तोवर पावसाळा. ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता, बंदूक पुन्हा ठाण्यात. निकाल लागून ती हाती आली तेव्हा तूर शेंगांवर होती आणि हरभरा घाट्यांवर येत होता. काडतुसं मात्र या सगळ्या काळात घरीच, धान्याच्या कोठीवर ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात. पावसाळाभर.

विकतची थोडीच शिल्लक होती. नवी आणायची तर जिल्ह्याला जा, परवान्यावर नोंद करा, दुकानात माल नसेल तर परत या. पुतण्या आयटीआय झालेला, हिंगणघाटला लेथवर काम करणारा, हुशार पोरगा. त्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले होते. गॅरेजमध्ये टेबल, त्यावर हातदांड्याचं यंत्र, शेजारी दारूच्या बरण्या, तराजू, आणि नेमबाज आपली रायफलची-पिस्तुलाची काडतुसं स्वतः भरतोय. तिथे ते कायदेशीर आहे आणि बरेच लोक करतात. पुतण्याने लेथवर काडतुसाचं तोंड वळवायचं एक साधन करून दिलं. वीस काडतुसं भरली.

जागलीची रात्र. डुकरांचा कळप तुरीत शिरला. काकाजी सांगतात की त्यांनी तुरीवरून वर, हवेत बार काढला. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो, पण एक सांगून ठेवतो: पिकासाठी बंदुकीचा परवाना असणं आणि रानडुक्कर मारायची परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली लेखी मिळते, आणि ती वनखात्याकडून.

पुढचा चाप ओढला, उजवी नळी. "फुस्स झालं जी. बार म्हनावं असा नाई. म्या म्हटलं, ओली असन." लगेच मागचा चाप ओढला, डावीत विकतचं काडतूस होतं, ते खणखणीत वाजलं. कळप दुसऱ्या धुऱ्याकडे वळला. काकाजींनी बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, दोन्ही रिकामी काडतुसं काढली, दोन नवी घातली आणि उजवी पुन्हा उडवली.

"या टायमाले आवाज बराबर झाला. पन हाताले झटका येगळा लागला. अन् डाव्या हाताच्या बोटाजवळ गरम."

डाव्या हाताचा लाकडी आधार जिथे संपतो त्याच्या तीन इंच पुढे ती कडी आहे. बाकीचं वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

पहिला संशय चुकला

दुकानात काकाजी आधी म्हणाले की काडतुसं विकतचीच होती. पुतण्या जमिनीकडे पाहत होता. मी काही बोललो नाही, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा, मोजायला घेतलं. ते ६५ मिलिमीटरचं निघालं, आणि मी मनात निकाल लावून टाकला.

जुन्या इंग्रजी बंदुकांची चेंबरं बऱ्याचदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असतात. आजची काडतुसं ७० मिलिमीटरची. न उडवलेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्याने आखूड दिसतं आणि छोट्या चेंबरात बिनबोभाट बसतं. उडालं की तोंड उघडतं, पुढच्या निमुळत्या भागात शिरतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. "बसलं म्हणजे चालतं" हा समज किती घरांत आहे याची गणती नाही. मला वाटलं, हेच.

पण मग फुगवटा चौदा इंचांवर कसा? चेंबरच्या दाबाने नुकसान झालं तर ते चेंबरपाशी दिसायला हवं. बारा बोअरमध्ये दाबाचं शिखर दारू पेटल्या पेटल्या, नळीच्या अगदी सुरुवातीला येतं. म्हणून नळी मागे जाड आणि पुढे पातळ असते; पुढच्या भागात भिंतीची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास उतरते. दारू जास्त पडली असती तर चेंबर सैल झालं असतं, बिजागरीत हलकी खडखड आली असती, काडतुसाच्या पितळी बुडाची टोपी चपटली असती. इथे बिजागरी घट्ट होती. मागच्या भागात सुतभरही बिघाड नाही. चौदा इंचांवर पोचेपर्यंत दाब पुष्कळ उतरलेला असतो, आणि तरीही तिथे पोलादाने हार मानली.

याचं एकच उत्तर आहे. तिथे आधीपासून काहीतरी बसलेलं होतं. मागून वेगाने आलेले छर्रे त्याच्यावर आदळले, क्षणभर तुंबले, आणि त्या एका जागी दाबाचा डोंगर उभा राहिला. अडथळ्याचा फुगवटा असा कडीसारखा, अरुंद असतो. सहा-आठ इंच पुढे-मागे नळी निर्दोष.

मी काकाजींना विचारलं, "फुस्स झाल्यावर नळीत पाहिलं होतं का?"

"अंधारात काय पायनार बाप्पा."

काजळी आणि शेवयांचे तुकडे

मग मी रिकामी काडतुसं मागितली. पुतण्याने खिशातून तीन काढून टेबलावर ठेवली. एक विकतचं, दोन घरी भरलेली. घरच्यांची तोंडं हाताने वळवलेली होती, हे लपण्यासारखं नव्हतं. पोरगा म्हणाला, "दादा, मीच भरली." त्यानंतर बोलणं सोपं झालं.

दोन्ही काडतुसं एकाच डब्यातली, एकाच हाताने भरलेली. दुसऱ्याची टोपी नीट ठोकलेली, बुड स्वच्छ. पहिल्याच्या, म्हणजे फुस्स झालेल्याच्या, बाहेरच्या अंगाला बुडापर्यंत काजळी होती. बार नीट झाला की दाबाने काडतूस फुगून चेंबरला चिकटतं आणि धूर मागे येऊ देत नाही. दाब कमी पडला की काडतूस चिकटत नाही, धूर बाजूने मागे सरकतो. बाहेरची काजळी म्हणजे अपुऱ्या दाबाची सही.

उजव्या नळीतून कोरडा पांढरा फडका फिरवला. त्यावर पिवळट-करडे दाणे आले. भिंगाखाली धरले तर बारीक नळकांड्या, शेवयांचे कातरलेले तुकडे असावेत तशा, मध्ये छिद्र. इथे मी खुर्चीत बसलो. शॉटगनची दारू बहुतेक चकत्यांची किंवा पापुद्र्यांची असते. असे नळकांडीचे दाणे रायफलीच्या दारूत असतात.

"ही कुठली?"

नात्यातल्या एकाकडे .३१५ ची परवान्याची रायफल होती, त्याची जुनी, हिरवी पडलेली काडतुसं होती. ती मोडून दारू काढली होती. टोप्या कुठून आणल्या हे मी विचारलं नाही.

रायफलीची दारू मुद्दाम सावकाश जळणारी केलेली असते. लांब नळीत जड गोळीमागे ती जळत राहावी म्हणून. आणि धूररहित दारूचा स्वभाव काळ्या दारूसारखा सरळ नाही: दाब असेल तर ती जोरात जळते, जोरात जळली की दाब वाढतो, दाब मिळाला नाही तर कुरकुरत विझते. चुलीतल्या ओल्या तुऱ्हाटीसारखी, फुंकर असेपर्यंत लाल. रायफलीच्या बंद पितळी काडतुसात, घट्ट बसलेल्या गोळीमागे तिला जो दाब मिळतो, तो शॉटगनच्या पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या काडतुसात मिळायची शक्यताच कमी. त्यात हाताने वळवलेलं सैल तोंड. त्यात पावसाळाभर दमट डब्यात राहिलेल्या नमद्याच्या चकत्या, ज्यांना काकाजी डाट म्हणतात. पहिल्या बारात टोपी फुटली, थोडी दारू जळली, छर्रे कसेबसे पुढे गेले, आणि ओला डाट चौदा इंचांवर रुतून बसला. न जळलेले दाणे त्याच्या मागे.

मापाचा प्रश्न वेगळाच. काकाजींनी पुतण्याला वडिलांचं पितळी माप दिलं होतं. काळ्या दारूचं माप धूररहित दारूला लावल्याने किती बंदुका फुटल्या असतील! पॉल व्हिएलने फ्रान्समध्ये १८८४ साली पहिली यशस्वी धूररहित रायफल-दारू केली, नोबेलची बॅलिस्टाइट १८८७ ची. त्यानंतरच्या काळात विलायतेत दोन जातीच्या शॉटगन-दारू विकल्या जात. एक मुद्दाम अशी हलकी-फुगीर केलेली की जुन्या मापाने मोजली तरी चालावी, दुसरी घट्ट, जी वजनानेच मोजायची. लोक दोन्ही एकाच मापाने भरत. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही चूक. राळेगावात ती तारेची दांडी लावून तशीच जपलेली होती.

शितावरून भात

मी पुतण्याला विचारलं, भरल्यावर तपासली होतीस का? तो जरा तरतरीत झाला. हो, तपासली होती. भर दुपारी, खळ्याच्या मागे, तीस पावलांवर तेलाचा रिकामा पत्र्याचा पिंप ठेवून दोन उडवली. दोन्ही चांगली वाजली. भोकं मोजली. छर्रे पत्र्याच्या आरपार गेले होते.

"शितावरून भाताची परीक्षा," काकाजी म्हणाले.

इथे माझं आणि त्यांचं जे बोलणं झालं, तेच मला या प्रकरणाचं मूळ वाटतं. शितावरून भात कळतो कारण सगळी शितं एका पातेल्यात, एका पाण्यात, एका आचेवर शिजलेली असतात. काडतुसाचं तसं नाही. प्रत्येक काडतूस म्हणजे वेगळी चूल, वेगळं पातेलं. दोन उडवून तुम्हाला त्या दोघांचंच कळतं, आणि ती दोन्ही आता संपलेली असतात. उरलेल्या अठरांबद्दल काही कळायचं असेल तर प्रश्न "चाललं का" हा नसतो. एकात आणि दुसऱ्यात फरक किती पडतो, हा असतो.

उरलेली काडतुसं त्यांनी डब्यासकट आणली होती. ती उघडायचा मला अधिकार नाही, उघडलीही नाहीत. पण सराफी काट्यावर अख्खी ठेवून वजन करायला हरकत नव्हती. सगळ्यात हलक्यात आणि सगळ्यात जडात तीन ग्रॅमपेक्षा जास्त तफावत निघाली. आता त्यात छर्रे किती कमी, डाट किती ओला, दारू किती, हे बाहेरून सांगता येत नाही. पण बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात दारूच मुळात दीड-दोन ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे चूक व्हायला जी जागा आहे ती सगळ्या दारूपेक्षा मोठी. पुतण्या लेथवाला आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला जपणाऱ्या त्या पोराने काट्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही.

कारखान्यात हे कसं करतात, ते त्याला सांगितलं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, बारा बोअरची काडतुसं तिथली आपल्याकडे सर्रास मिळतात. कुठल्याही अशा कारखान्यात एका घाण्याचा माल एकत्र धरतात, त्यातून नमुने काढतात आणि खास जाड नळीतून उडवतात. त्या नळीला दाब मोजायची सोय असते. पूर्वी तांब्याचा किंवा शिशाचा छोटा ठोकळा किती चेपला यावरून दाब काढत, आता विजेवर चालणारी संवेदकं आहेत. वेगही मोजतात. काही नमुने तापवून, काही गार करून उडवतात, कारण मेच्या उन्हात डब्यात तापलेलं काडतूस आणि पौषातल्या पहाटेचं काडतूस सारखं वागत नाही. मग सरासरी पाहतात आणि त्याहून बारकाईने फैलाव पाहतात. बारा बोअरच्या साध्या काडतुसाला युरोपातल्या मानकाप्रमाणे कमाल दाब ७४० बार. गाडीच्या टायरात असतात दोन-सव्वादोन.

अमेरिकेतल्या व्हिडिओतला माणूस या बाबतीत कुठे बसतो? त्याच्याकडेही दाब मोजायचं यंत्र सहसा नसतं. पण त्याच्या बरणीवर दारूचं नाव आणि घाण्याचा क्रमांक छापलेला असतो, आणि दारू बनवणाऱ्यानेच प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेलं कोष्टक हातात असतं. कुठली गोळी, कुठली टोपी, किती दारू, कुठून सुरुवात आणि कुठे थांबायचं. तो खालच्या टोकापासून थोडं थोडं वर जातो, प्रत्येक टप्प्यावर वेग मोजतो, रिकाम्या काडतुसाचं बूड तपासतो. व्हिडिओत दिसतो तो हातदांडा. कोष्टकामागची प्रयोगशाळा दिसत नाही. आपल्याकडे लेबल लावलेली दारू सामान्य माणसाला दुकानात मिळत नाही, मग मोडलेल्या काडतुसातली जी हाती येईल ती. तिचं नाव माहीत नाही, वय माहीत नाही, जळण्याचा वेग माहीत नाही. कोष्टक लावायचं तरी कुणाला?

उलट झालं असतं तर

घरी परतायची घाई होती त्यांना, तरी मी एक गोष्ट सांगितल्याशिवाय सोडलं नाही. रायफलीची सावकाश दारू शॉटगनमध्ये गेली, ही चुकीची कमी वाईट दिशा. नात्यातला तो माणूस उद्या म्हणाला असता की माझ्या .३१५ लाही भरून दे, आणि तेव्हा बारा बोअरच्या काडतुसातली जलद दारू हाताशी असती, तर? रायफल मुळातच वेगळ्या दाबाच्या दुनियेत राहते. .३०-०६ या रायफलीच्या काडतुसाला कमाल दाब ४०५० बार धरतात. तिथे जलद दारू पडली तर फुगवटा वगैरे दिसायला वेळ मिळत नाही. रायफलीची मागची खिट्टी नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर असते.

.३२ रिव्हॉल्व्हरचं दुखणं आणखी वेगळं. काडतूस छोटं, दारू चिमूटभर, आत अर्धीअधिक जागा रिकामी. त्यात चुकून दोनदा दारू पडली तर वरून पटकन ओळखू येत नाही. आणि दारू पडायचीच राहिली तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकते. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की चक्र फिरतं आणि दुसरी गोळी तिच्या मागे निघते. काकाजींचं जे झालं तेच, फक्त पितळ-शिशाच्या गोळीने आणि दोन सेकंदांत. रायफलीची पितळी काडतुसं पुन्हापुन्हा वापरली की बुडाच्या वर आतून पातळ होत जातात आणि एक दिवस तिथूनच तुटतात, हेही सांगायचं होतं. पण तोवर काकाजींचं लक्ष उडालं होतं.

"मंग फुस्स झाल्यावर कराव काय?" त्यांनी विचारलं.

थांबायचं. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट तसंच राहायचं, कारण दारू उशिरा पेटू शकते. मग मोडायची, काडतूस काढायचं, आणि मागून उजेडाकडे धरून आरपार पाहायचं. आरपार दिसत नसेल तर त्या रात्री ती बंदूक संपली. डुकरं खाऊन जातील. एवढंच.

पुढचं

नळी दुरुस्त होणार नाही, हे मी पहिल्या दहा मिनिटांतच सांगितलं होतं. फुगलेलं पोलाद ठोकून बसवता येतं, दिसायला सरळही होतं, पण ताणलेली जागा ताणलेलीच राहते. लोहाराने ती केली असती आणि पुढच्या बाराला कदाचित काही झालंही नसतं. मी रजिस्टरमध्ये "वापरास अयोग्य" अशी नोंद केली आणि सहीला पान पुढे केलं. काकाजींनी सही करायला बराच वेळ घेतला.

कायद्याचं बोलणं त्याहून जड गेलं. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, हे पुतण्याला अंधुक माहीत होतं. त्याच कलमात चाचणी घेणंही आहे, हे त्याला माहीत नव्हतं. खळ्यामागचा पिंपही त्यात येतो. शिवाय दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही धरली आहे, म्हणजे लेथवर केलेलं ते तोंड वळवायचं साधनसुद्धा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडण्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. पोरगं पांढरं पडलं. "आमी तं आपल्याच वावरासाठी..." काकाजी म्हणत होते. मला वाद घालायचा नव्हता. देशभरातल्या स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे, त्यांच्या वावरापासून काही तासांवर. आणि चारच दिवसांपूर्वी, २४ जानेवारीला, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले होते. काकाजींनी ती बातमी गावच्या टीव्हीवर पाहिली होती. जिथे भिंती, अंतरं, गणवेश, नियम सगळं आहे, तिथे हे होतं. धान्याच्या कोठीवर ठेवलेल्या डब्याला काय आहे?

मी ओळखीच्या वकिलाचा नंबर दिला आणि सांगितलं की डबा रस्त्यात फेकू नका, विहिरीत टाकू नका, पुरू नका. कायदेशीर ताबा राहिला नाही असं शस्त्र किंवा दारूगोळा कलम २१ प्रमाणे जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतो. ते वकिलासोबत ठाण्यात गेले. परवान्याबाबत जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस आली आहे; बाकीचं चालू आहे, त्यावर इथे लिहिणं बरं नाही.

यंदा तुरीला त्यांनी सौर कुंपण घेतलं, अर्धं एका बाजूने. दुसऱ्या बाजूने डुकरं येतात, पुतण्या रात्री पत्रा वाजवतो.

ठाण्यातल्या जप्तीच्या यादीची प्रत वकिलाने मला दाखवली. दुनळी बंदूक एक, भरलेली काडतुसं, रिकामी काडतुसं, लोखंडी साधन एक. सगळ्यात शेवटी वडिलांचं माप. ठाणेदारांनी हे काय म्हणून विचारलं तेव्हा काकाजींनी सांगितलं होतं, तेच हवालदाराने तसंच्या तसं उतरवलं होतं: "तांदूळ मोजायचं माप नाही, दुसरं. नग एक."